फुकटचा महिना

१० एप्रिल
घर पसंत पडलं. दोन खोल्या, किचन, मागे कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. बायकोने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. विकणाऱ्या बाई समोर असताना असा हात फिरवायचा नसतो, भाव चढतो. बायकांना व्यवहार कळत नाही.

साडूने फोनवर अकलेचे तारे तोडले. म्हणे, तीस एप्रिलला खरेदी उरकून टाक, त्याच दिवशी भाड्याचं घर सोड, इकडून तिकडे सामान हलव. स्वतःचं घर त्याने असंच घेतलं. उरकून! घर काय उरकायची गोष्ट आहे?

११ एप्रिल, सकाळी
बँकेचं माहितीपत्रक वाचलं. आयुष्यात कुणीच ते शेवटपर्यंत वाचत नाही, म्हणून बँका गब्बर होतात. नियम असा: ज्या महिन्यात खरेदी, त्याच्या पुढचा महिना मोकळा, मग पहिला हप्ता. म्हणजे तीस एप्रिलला सही केली तर हप्ता जूनमध्ये. दोन मेला केली तर जुलैमध्ये! दोन दिवस थांबायचं आणि अख्खा महिना फुकट!

साडूच्या हे लक्षातही आलं नसणार. त्या माणसाने नियमाच्या खाली सही केली असेल, नियम न वाचता.

१३ एप्रिल
बँकेत गेलो. काउंटरवर एक पोरगी. कॉलेजातून परवाच सुटलेली दिसते. दोन मे म्हटल्यावर म्हणाली, सर, पण मग मे महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं व्याज सहीच्या दिवशीच भरावं लागेल. म्हटलं, बघू. ही मंडळी पाठ केलेलं बोलतात. मुद्दा हप्त्याचा होता.

मग तिने विचारलं, दर महिन्याला हप्ता पाच तारखेला कापू की दहा? साडूचा दहाला कापला जातो, हे तो दर जेवणात सांगतो. मी पाच म्हटलं. ती म्हणाली, पगाराची तारीख बघून ठरवा सर. मला शिकवते.

१७ एप्रिल
बायकोचा प्रश्न. घरमालकाला तीसची नोटीस दिली आहे, त्यांचा नवा भाडेकरू एकला येतोय, मग दोन रात्री आपण कुठे? म्हटलं, मोठा विचार करताना दोन रात्री मोजायच्या नसतात. तिने सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ खोक्यातून काढलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. अकरा वर्षं ते खोक्यात आहे. घरमालक खिळा मारू देत नाही. म्हणाली, नव्या घरात पहिल्या संध्याकाळी हे लागलं पाहिजे, बाकी मला काही नको. शब्द दिला. खिळा तो काय!

२५ एप्रिल
जूनचा हप्ता भरायचाच नाही, तर ते बाजूला ठेवलेले पैसे कुणाचे? माझे. पाय वर करून बसायची खुर्ची घेतली. बटण दाबलं की मागे झुकते. बायको म्हणाली, ते पैसे ऐन वेळेला लागतील. ऐन वेळ नावाची गोष्ट प्लॅनिंग नसलेल्यांना लागते.

३० एप्रिल
सामान साडूच्या गॅरेजमध्ये. सोय म्हणून, मदत म्हणून नव्हे. साडूने आपली गाडी रस्त्यावर लावली आणि खोकी उचलायला आला. त्याचं असं वागणंच जास्त लागतं.

१ मे
सुट्टी. सगळं बंद. साडूच्या हॉलमध्ये गादी. पहाटे उठून हा माणूस मिक्सर लावतो. मेहुणीने विचारलं, उद्या नक्की ना? म्हटलं, लिहून देतो.

२ मे
खरेदीखत करणारा वकील रजेवर. सहा तारखेपर्यंत येत नाही. मला सांगायला नको? त्याच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, तुम्ही तारीख कळवलीच नव्हती. सगळं मीच कळवायचं का? विकणाऱ्या बाईंचा फोन. लेकीकडे जायचं तिकीट वाया गेलं म्हणाल्या. नऊ तारखेपर्यंत झालं तर झालं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. धमक्या! बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. नळ बंद केला आणि हात पुसत बहिणीकडे गेली.

६ मे
खरेदी झाली. फक्त एक फालतू प्रकार. सहीच्या आधी त्या पोरीने मेच्या उरलेल्या दिवसांच्या व्याजाचा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तेरा एप्रिलला सांगितलं होतं सर. बायको माझ्याकडे बघत होती, वकील छताकडे. पैसे खुर्चीत. साक्षीला आलेल्या साडूने चेकबुक काढलं. बरोबर घेऊनच आला होता! माणसावर इतका अविश्वास असावा?

संध्याकाळी नव्या घरात. घड्याळ लागलं नाही, ड्रिल मशीन कुठल्या खोक्यात आहे कळेना. बायकोने ते पुसून पुन्हा खोक्यात ठेवलं. खुर्ची मात्र झकास मागे झुकते.

७ मे
पगार झाला. साडूचे अर्धे तोंडावर फेकले. म्हणजे हातात दिले. त्याने मोजले नाहीत. माज बघा.

५ जून
आज साडूच्या सल्ल्याने चाललो असतो तर हप्ता गेला असता. आज माझा एक पैसाही गेला नाही! दिवसभर खुर्चीत होतो. बायकोने घड्याळाची आठवण केली. म्हटलं, भिंतीचं आधी नीट नियोजन करू, भोक एकदाच पडतं.

७ जून
पगार. साडूचे उरलेले फेडले. आता मी कुणाचा मिंधा नाही. जुलैचं जुलैमध्ये.

५ जुलै
पहिला हप्ता. बाउन्स.

पगार सातला होतो. हप्ता पाचला. खात्यात काही नव्हतं. ऑफिसने पगार पाचच्या आत का देऊ नये, यावर एक कडक पत्र लिहायला घेतलं. लोन दोघांच्या नावावर असल्याने मेसेज बायकोलाही गेला. तिने वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि भाजी चिरत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ जुलै
बायको आज एकटीच बँकेत जाऊन आली. दंडासकट हप्ता भरला, तिच्या शिलाईच्या पैशांतून. यापुढे हप्ता तिच्या खात्यातून. तारीख बदलून घेतली, दहा केली. साडूची तारीख! म्हटलं, निदान आठ तरी करायची होती. ती म्हणाली, ती मुलगी फार हुशार आहे हो, किती नीट समजावून सांगते.

येताना मेहुणीकडून हातोडी आणली. ड्रिल नको म्हणाली, खिळा पुरतो. बेसिनजवळचं जुनं स्टूल ओढलं आणि वर चढली. म्हटलं, थांब, माप घेऊ. ती म्हणाली, अकरा वर्षं घरमालकाला विचारलं, दोन महिने तुम्हाला. आता कुणाला विचारायचं नाही.

मी खुर्चीत बसून हे लिहितोय. दहा तारखेचेही काही फायदे आहेत, उद्या सविस्तर मांडीन. बायकोने वरून विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, काही नाही. म्हणाली, मग उठा आणि स्टूल धरा.

धरलं.