बाबांचा नकार

आदरणीय सर,

बाबा मागच्या आठवड्यात गेले. हे पत्र पाठवायची हिंमत माझ्यात नाही, तरी लिहितेय.

दुसऱ्या वर्षी मी फिजिक्स सोडलं, तेव्हा "बाबा शिकू देत नाहीत" असं तुम्हाला सांगितलेलं. ते खोटं होतं. मी गणितात नापास झालेले आणि खगोलशास्त्राच्या तासाला मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

तुम्ही बाळकुमला आमच्या घरी आलात. "पोरीचं नुकसान करताय," असं बाबांना सुनावलंत. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो सर, मीच नको बोललो."

तुम्ही चहाही न घेता निघालात.

मग त्यांनी हळूच विचारलं, "गणित लय कठीन होतं का गो?"

तुमची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायला लाजणारी,
कल्पिता