आईच्या नावाचं रसायन

४ मार्च २०२५, नांदेड

आज सुकन्याला झापलं. तीन वर्षं माझ्या हाताखाली पीएच.डी. करतेय आणि म्हणे सीताफळाच्या बियांतून केवलीन निघत नाही! मी २००८ साली काढलं होतं. त्या एका नव्या रसायनावर प्राध्यापक झालो. बिया रेणापूरला आईने पदरात गोळा करून दिल्या, म्हणून तिचंच नाव ठेवलं — केवळाबाईचं केवलीन. हिच्या हातालाच गुण नाही.

७ मार्च

माझ्याही हातून नाही निघालं.

११ मार्च

सुकन्याने अडगळीतला जुना प्लास्टिकचा कॅन शोधला. त्यात चार दिवस अर्क काढायचं हेक्झेन ठेवलं आणि बिया न घालताच आटवलं. तपासणीच्या पट्टीवर ठिपका — केवलीनच्याच जागी! आलेखही तोच.

"सर, हे बियांतलं नाही. कॅनचं प्लास्टिक उतरतंय." हळूच म्हणाली, जशी चूक तिचीच.

म्हणजे सोळा वर्षं मी प्लास्टिकला आईचं नाव देऊन बसलोय. उद्या वर्गात कोणत्या तोंडाने उभा राहू?

१३ मार्च, औसा

माणिकप्पाकडे गेलो. तेव्हाचा आमचा प्रयोगशाळेतला शिपाई, आता निवृत्त. काचेच्या बाटल्या फुटतात म्हणून हेक्झेन कॅनमध्ये तोच ओतायचा. नाही नाही ते बोललो. माझ्या जन्माचं मातेरं केलंस, इथपर्यंत. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे केला.

"मला काय कळतंय सर? पर तुमीच एकदा बियाबिगर आटवून बघितलं हुतं की. वहीत असंल."

म्हातारा झालाय, काहीही बरळतो.

येताना रेणापूरला उतरलो. आईने केवलीनच्या बातमीचं कात्रण देवाशेजारी टांगलंय, रोज पुसते.

"माझ्या नावाचं औषध निघालं का रं?"

"निघायलंय," म्हणालो. दुसरं काय सांगणार!

१५ मार्च

नियतकालिकाला पत्र लिहिलं — शोधनिबंध मागे घेतो, चूक शिपायाच्या निष्काळजीपणाची. सुकन्याला वाचून दाखवलं. पत्र उद्या पाठवीन. निदान खरं बोललो, एवढंच समाधान.

१६ मार्च

जुनी वही सापडली. २२ नोव्हेंबर २००८. 'बियांशिवाय नुसतं हेक्झेन — तोच ठिपका.' त्यावर आडवी रेघ. खाली माझंच अक्षर — 'वगळावे.'