आवाजाची वर्गणी

३ तारीख, सोमवार

माणसाच्या सहनशक्तीला अंत असतो, हे आज एका खुर्चीने मला शिकवलं. नव्या खोलीतली ही खुर्ची कुरकुरते. श्वास घेतला की कुरकुरते आणि रोखला की, का रोखलास म्हणून कुरकुरते. या अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी.

बाकी आनंद आहे. वीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवल्या. शेवटी वर्तमानपत्रच उडालं. आता ही नोकरी : बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात गोंगाट करणाऱ्या एका मंडळीच्या टेपांची यादी करायची. गोंगाट हा त्यांचाच शब्द, आणि तो ते अभिमानाने उच्चारतात. सूर, ताल, तालीम सगळं वर्ज्य. मंडळी म्हणजे दोनच जणं. बाई मिक्सरला बाहेरचं काहीच जोडत नाहीत. त्याच्यातून निघालेली वायर त्याच्यातच खुपसतात, मग ते यंत्र स्वतःचंच ऐकून किंचाळत बसतं. दुसरा गडी लोखंडी पत्र्यावर व्हायोलिनचा गज फिरवतो. त्याला पत्रा म्हणतात. तोही स्वतःला पत्राच म्हणवतो.

राहायला वरची खोली, मोठी खिडकी, चोवीस तास गरम पाणी, टेबलावर फोन. लेकीला फोन करून सगळं सांगितलं. खो-खो हसली. तिचं हसू आधी उचकीसारखं अडकतं, मग एकदम फुटतं. तिच्या आईचंही तसंच होतं. माझ्या वीस वर्षांच्या विनोदाला मिळालेली खरी पावती तेवढीच.

४ तारीख, मंगळवार

खुर्चीत तेल घाला म्हटलं, तर बाई हरखल्या. बटणाएवढा माइक तिच्या पायाला चिकटवला, मला बसवलं, उठवलं, परत बसवलं. कुरकुर टेपवर घेतली आणि दुपारच्या वादनात वीस मिनिटं घुमवली. पत्र्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण कारण वेगळं.

इथे नव्या माणसाने वर्गणी द्यायची असते. पैशांची नाही, स्वतःच्या एका आवाजाची. त्यासाठी वेगळी वही आहे. मी म्हटलं, माझे सगळे आवाज वर्तमानपत्राने आधीच वापरलेत. बाई हसल्या नाहीत. त्यांना विनोद सांगणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. तेव्हा मी वहीत माझ्या नावापुढे ऐटीत लिहिलं : बाकी. मुलीकडून वसूल करावी. खाली सहीही ठोकली.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटली.

६ तारीख, गुरुवार

खुर्ची कुरकुरत नाही. तेल कोणी घातलेलं नाही. मी तिच्यावर आदळआपट करून पाहिली. गप्प. देव आहे म्हणायचा.

यादीतली टेप क्रमांक एक : पत्र्याची पावलं, लाकडी जिन्यावर. छान आहे. एक मात्र खरं, हा माणूस नेहमी नकळत मागे येऊन उभा राहतो. आज दोनदा दचकलो. म्हटलं, अरे बाबा, जरा पाय वाजवत जा की. तो म्हणाला, पूर्वी वाजायचे.

९ तारीख, रविवार

लेक दिवसभरासाठी आली होती. दुपारी वादन ऐकायला बसली. पत्रा डोळे मिटून, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा पत्र्यावरून हात फिरवत होता. माझी आणि तिची नजरानजर झाली आणि संपलंच. उचकी, मग स्फोट. मला वाटलं, आता बाई हाकलतील. पण बाईंनी शांतपणे तिच्या बाजूचा माइक वर केला.

जाताना म्हणाली, बाबा, वेडे आहेत रे सगळे, पण तू खुशीत दिसतोस, राहा.

१२ तारीख, बुधवार

यादीत नवी टेप. बाईंचं अक्षर : हसू, स्त्री, वय अंदाजे सव्वीस. खाली : वर्गणी, लेखकाच्या खाती, लेखी परवानगीने.

विनोद कळत नाही तो नाहीच. उद्या समजावून सांगतो.

१६ तारीख, रविवार

लेकीचा फोन. राखून ठेवलेला किस्सा सांगितला, बाईंच्या नवीन चष्म्याचा. पलीकडे शांतता. म्हटलं, आवडला नाही का. ती म्हणाली, अरे हसतेच आहे, पोट दुखेपर्यंत, पण आठवडाभर आवाजच नाही येत हसण्याला. ऑफिसात सगळे माझं तोंड बघत बसतात. घसा दाखवला, डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही.

खुर्चीवर जोरात बसलो. काहीच वाजलं नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

१७ तारीख, सोमवार

बाईंशी बोललो. आधी हसत, मग ओरडून, मग हात जोडून. त्यांनी वही उघडून माझी सही दाखवली. सहीच्या वर जे आहे ते तुम्हीच लिहिलंय, म्हणाल्या. रागावल्या नाहीत. इथे कोणाचं काही हिसकावून घेत नाहीत म्हणे, दिलेलंच घेतात. शनिवारी जाहीर कार्यक्रम, त्यात हसू चाळीस मिनिटं घुमवणार.

१८ तारीख, मंगळवार

टेप चोरून खोलीत आणली. लावली. तेच हसू. अकरा सेकंद.

परत लावली. सोळा सेकंद. दुसऱ्यांदा लांबलं कसं —

तिसऱ्यांदा लावली. शेवटी हसू नव्हतं. धाप होती.

फोन केला. लेक म्हणाली, आत्ता जिना चढताना अचानक श्वास पुरेना, बसले आहे पायरीवर. बाबा, तुला कसं कळलं?

२० तारीख, गुरुवार

टेप जाळू म्हटलं. पत्रा मागे उभा. कधीपासून कोण जाणे. म्हणाला, साहेब, नका. माझ्या आधीच्या जोडीदाराने स्वतःच्या आवाजाची टेप जाळली होती. पुढे काय झालं ते विचारलं. म्हणाला, टेपबरोबर तोही गेला.

मग हसू परत कसं मिळवायचं? म्हणाला, एकच रस्ता. ज्याची बाकी त्याने भरायची. पण हलकंसलकं चालत नाही. खोकला, शीळ, टाळी असलं काही बाई घेणार नाहीत. तिच्या हसण्याच्या तोलाचं हवं.

२१ तारीख, शुक्रवार

उद्या कार्यक्रम. चाळीस मिनिटं.

काही सेकंदांच्या तीन खेपांनी तिला पायरीवर बसवलं.

२२ तारीख, शनिवार, दुपार

खाली गेलो. माइकसमोर बसलो. बाई म्हणाल्या, काहीही बोला. वीस वर्षं ज्याच्या त्याच्यावर बोललो, आज एक वाक्य सुचेना. मग लेकीला लहानपणी मारायचो ती हाक मारली. तिच्या घरच्या नावाने. एकदाच.

लाल दिवा विझला. धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं —

वही मागून घेतली. 'मुलीकडून वसूल करावी' खोडलं. पुढे लिहिलं : बाकी पूर्ण. सही केली. बाईंनी तिची टेप माझ्या हातात ठेवली. लावून पाहिली, कोरी होती.

दुपार, चार

फोन वाजतोय.

तीच आहे. हसतेय. उचकी, मग — सगळं तसंच, पूर्ण. म्हणतेय बाबा ऐक ना, आलं परत, आत्ता एकदम आलं, ऐकतोयस ना? बोल की. मी फोनवर नखाने टकटक करतोय. रडतोय बहुतेक. माझं मलाच ऐकू येत नाही.

खाली कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली. माझी हाक. जिन्यातून वर येतेय.

तिने ऐकली. ओ बाबा, म्हणतेय. ओ. बोल ना.

परत हाक. लांबलेली. ती परत ओ देतेय, हसत —

तिसरी. मला धाप

बाळा, फोन ठेव, ते मी ना