झाकणावरची कुयरी

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा वाशीम ते शेलूबाजार असं कितीसं लांब, जीपमध्ये बसलं की आलं, पत्र कशाला लागतंय. आता तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि परवा कारखान्यात एक गोष्ट घडली ती सांगायला मला दुसरं कुणी सुचेना.

आमच्याकडे पेरणी यंत्रं बनतात आणि त्यांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर मी करते. यंत्राच्या बियाण्याच्या पेटीला गोल झाकण असतं. त्यावर यंदापासून मालकांना लोगो उठवून हवा होता. ज्वारीचं कणीस, आणि त्याच्या बुडातून डावीकडे लांब निघालेलं एक बारीक पान. लोगो बाहेरून बनवून आणलेला. असा बाहेरचा लोगो फाइलमधून आत घेतला, की तो नव्या सुनेसारखा दाराशीच उभा राहतो, झाकणापासून हातभर लांब. मग त्याच्याभोवती चौकट आखायची, चौकटीला कर्ण काढायचा, कर्णाचा मध्य झाकणाच्या केंद्रावर नेऊन बसवायचा. दोन मिनिटांचं काम. फरक शून्य आला आणि मी मालकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "ताई, हे उजवीकडं सरकलं ना जी." मी त्यांना शून्याचा आकडा दाखवला. ते म्हणाले, "मशीनीत असन बराबर. मले तं सरकलेलंच दिसते." मला रागच आला. एवढी वर्षं हेच काम करतेय मी, आणि हे मला मध्य शिकवणार! उठून दोन पावलं मागे गेले आणि पाहिलं, तर खरंच सरकलेलं होतं. चौकटीनं ते दोऱ्याएवढं पानही कणसाइतकंच मोजलं होतं, त्यामुळे कणीस बिचारं उजवीकडे ढकललं गेलं होतं. मी सगळा लोगो आठ मिलिमीटर डावीकडे घेतला, निव्वळ डोळ्यानं. मालक खूश होऊन चहा सांगून गेले. तो येऊन निवला तरी मी दोन पावलं मागे उभी राहून ते झाकणच बघत होते.

तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही कसे विसराल. माझा डिप्लोमा संपलेला, लग्न ठरलेलं, आणि आंदणाची भांडी घ्यायला आपण शेठजींच्या दुकानात गेलेलो. त्याच दुकानाच्या ओट्यावर, पोत्याच्या घडीवर बसून तुम्ही सगळ्या तालुक्याच्या आंदणावर नावं टाकलीत. मांडीत गंज किंवा तांब्या घ्यायचा, नावं कोरायच्या मशीनची सुई टेकवायची आणि मान वर न करता दुपारभर घर्रर्र. पट्टी नाही, पेन्सिल नाही. त्या दिवशी मात्र माझ्या पिठाच्या डब्याचं झाकण तुम्ही कितीतरी वेळ नुसतं हातात फिरवत बसलात. मग त्यावर कुयरी काढलीत. इतरांना तुम्ही नाव आणि फार तर एक फूल द्यायचात, कुयरी फक्त मला दिलीत. भरदार पोटाची, आणि डावीकडे लांब वळत गेलेली बारीक शेपटी. मानोऱ्याकडच्या दोन बाया भांडी बघायचं सोडून ती बघायला उभ्या राहिल्या. आणि मी काय केलं? पर्समधून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. नवा डिप्लोमा, दुसरं काय! शेपटीपासून काठापर्यंत मोजलं, पोटापासून काठापर्यंत मोजलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाबा, हे मधात नाई. अकरा मिलिमीटरचा फरक हाये. तुमी सारं अंदाजपंचेच करता."

तुम्ही म्हणालात, "शेपटीले वजन नसते, माय. डोयाले मधात दिसते, तेच मधात." मी पट्टीच पुढे केली. शेठजी गल्ल्यावरून हसले, "घ्या! पोरगी इंजिनेर झाली, आता बापाले शिकवून राह्यली." बायाही हसल्या. तुम्हीही हसलात, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तुम्ही पॉलिश पेपर घेतलात आणि ती कुयरी घासून काढलीत. माझ्या पट्टीनं मोजून, दोन्हीकडे ठिपके देऊन, नवी काढलीत. जुनीचा धुरकट डाग अजून झाकणावर आहे. रोज कणीक मळायला डबा उघडताना तो माझ्या अंगठ्याखाली येतो.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर तुमच्या पोत्याशेजारी लाकडी पट्टी. तांब्या असो की वाटी, तुम्ही आधी मोजत होतात, ठिपके देत होतात, पुसत होतात, पुन्हा देत होतात. गिऱ्हाइकं ताटकळून म्हणायची, "काका, नावच टाकायचं हाये ना जी." आणि तुम्ही दर भांडं शेठजींना दाखवायचात, "पाहा बरं, बराबर हाये का?" ज्यानं कधी कुणाला विचारलं नाही, तो माणूस. आई चुलीपुढे बसून म्हणाली, "तुह्या बापाचा हात भेते आता, वं." मी म्हटलं, वय झालं. पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती तुमची. पुढे तुम्ही मशीनच शेठजींच्या भाच्याला देऊन टाकलीत, तेव्हाही मी हेच म्हटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. वर मी असं लिहिलंय जणू परवा मालकांनी मान तिरपी केली तेव्हा मला हे कळलं. तसं नाही, बाबा. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा झाकण माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, "आता हाये का बराबर, माय?" तेव्हाच मला दिसलं होतं. कुयरी उजवीकडे सरकली होती, स्पष्ट, आणि शेजारी तुमच्या पहिल्या कुयरीचा डाग बरोबर मधोमध होता. बाया बघत होत्या. मी पट्टी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाले, "हो, आता बराबर."