दोनदा नको म्हटल्यावर

लाडक्या ल्हादेनला थोरल्या यांगझोमताईचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळे. मी ठणठणीत आहे. गावाकडे मिरच्या वाळल्या, गाय व्याली. (अक्षरं वाकडी आलीत, पण प्रौढवर्गातल्या बाई म्हणतात वाचता येतात.)

तर मत द्यायला गेले होते! नाव अजून गावच्याच यादीत, म्हणून थिंपूहून दीड दिवस बस आणि वर ती छातीवरची चढण. नवा किरा नेसून शाळेत पोचले. आपल्या भिक्षू भावाला मत नाही, राजेसाहेबांनाही नाही, आणि मला आहे! अगं, चढताना एवढ्या तोऱ्यात होते की धापसुद्धा लागली नाही. (लागली.)

आत एक गोरटेला साहेब. आदराने म्हणाला, “या आजी, बटण दाबा.” आता एवढ्या मानाने कुणी काही पुढे केलं की आपण काय करतो? तोंडावर हात धरला नि म्हटलं, “नको नको, राहू दे.” तो म्हणाला, “आजी, हक्क आहे तुमचा.” मी म्हटलं, “छे, मला कशाला!” आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले. तर तो म्हणतो, “बरं. जबरदस्ती करायची आम्हाला परवानगी नाही. पुढचे!”

मी अंगणात! मागचा नामगे म्हातारा खिदळला, “यांगझोम, ते काय भाताचं ताट होतं?” रडूच आलं बघ. दीड दिवस येऊन उपाशी परतायचं? मग आठवलं, राजेसाहेबांनी राज्य आपल्या हाती द्यायचं म्हटलं तेव्हा आपणही सगळे असेच नको नको करत होतो. ते मात्र आग्रहाने ताटात वाढतच राहिले. नशीब, बोटाला शाई लागली नव्हती. पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहिले. दार बंद व्हायला थोडाच वेळ होता. साहेब हसला, “आजी, आता?” म्हटलं, “एकदाच म्हण बाबा!”

दाबलं. यंत्र एवढं लांब ओरडलं की दचकून मी त्यालाच वाकून नमस्कार केला.

तुझी ताई,
यांगझोम

ता. क. कुणाला दिलं ते गुप्त आहे. (लोण्याचा चहा सगळ्याच पक्षांकडे प्यायले.)

ता. क. २. आता दोनच पक्ष उरलेत, पुढच्या महिन्यात दुसरी फेरी. तुझंही नाव गावातच आहे, तेव्हा पारोहून निघ. येताना माझा नेलेला रेशमी किरा आण. गुडघ्याचं निमित्त सांगून नको म्हणायचं असेल तर दोनदा म्हणून घे. तिसऱ्यांदा विचारायची मलाही परवानगी नाही.