रोज्यात अडवलेली पेनल्टी

उस्ताद, तुम्ही माझे सासरे झालात तरी मी तुम्हांला उस्तादच म्हणत आलो. तुम्हांला जाऊन आता तीस वर्षं झाली, आणि ही सवय बदलायचं माझं वय राहिलेलं नाही. आखातात, अहमदीच्या तेल कंपनीच्या वर्कशॉपात तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात व्हॉल्व्हची सीट घासताना मी अंगाचा जोर लावला. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "हा काय तुज्या आयचा पाटा हाय? हात हलका ठेव. घासलेला लोखंड परत येत नाय." चार माणसांसमोर बोललात म्हणून मला राग आला होता. संध्याकाळी मेसमध्ये तुम्ही स्वतःच्या ताटातला तळलेला बोंबील माझ्या ताटात टाकलात, आणि राग गेला.

त्या बोंबलावरून आठवलं. आपली मेस आणि गोवेकरांची मेस यांच्यात पत्र्याची एकच भिंत होती, आणि सुकी मासळी भाजली की दोन्हीकडचा वास सारखाच. दोघंही एकाच किनाऱ्याची माणसं, पण फुटबॉलचा विषय निघाला की तुम्ही त्यांना "ते क्रुसावाले" म्हणायचात आणि ते आपल्याला "मुल्लांची टीम". रविवारची त्यांची प्रार्थना तिथं शुक्रवारी व्हायची, कारण सुट्टी शुक्रवारची. आपण जुम्म्याची नमाज पढून यायचो, ते चर्चमधून यायचे, आणि तेल मारून घट्ट केलेल्या त्या वाळूच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे स्वच्छ कपडे काळे व्हायचे. आपल्या गोलमध्ये मी असायचो, आणि माझ्या खांबाला कुणीतरी तावीज बांधून ठेवायचं. त्यांचा गोलकीपर खांबाला हात लावून क्रूस करायचा. तो आपल्याच शॉपमध्ये, माझ्यापासून दोन टेबलं सोडून काम करायचा. आठवडाभर आम्ही एकमेकांचे पाने वापरायचो आणि शुक्रवारी एकमेकांकडे बघायचोही नाही.

साठ-एकसष्टचं साल असावं. आपला रमजान आणि त्यांचे ईस्टरआधीचे चाळीस दिवस एकदमच आले, आणि कंपनीच्या कपची अंतिम मॅच नेमकी त्यात. त्यांनी निरोप पाठवला की तुमचे रोजे आहेत, मॅच ईदनंतर घेऊ. निरोप साधा होता, मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मला आज कळतं. तुम्ही मात्र भडकलात. "आपन त्यांचा उपकार घ्यायचा नाय. उद्या जिंकलो तर म्हनतील, आमी थांबलो म्हनून जिंकलात. आपले पोरं रोज्यानं खेळतील नि रोज्यानं जिंकतील. नि त्यांचा कसला उपास? मटन सोडून मच्छी खातात!" कुणी हसलं नाही. अकरा जणांपैकी प्रत्येकाला तुम्ही समोर उभं करून विचारलंत, "रोजा हाय ना?" मी हो म्हणालो, आणि ते खरं होतं.

हाफटाइमपर्यंत खरं होतं. आपण एका गोलने पुढे आहोत, वारा सुटलाय, आणि तोंडात, डोळ्यांत नुसती धूळ. मी चूळ भरायला म्हणून बाजूला उभ्या असलेल्या ट्रकमागे जातो. तिथं पाण्याची छागल लटकते आहे आणि तिच्याजवळ त्यांचा गोलकीपर उभा आहे. तो ती काढून माझ्यापुढे धरतो. चूळ भरायला मनाई नाही, थुंकलं की झालं. मी थुंकलो नाही. पहिला घोट चुकून गेला असं म्हणता येईल, पण पुढचे पाच-सहा मी मोजूनमापून, डोळे मिटून प्यायलो. तो हळूच म्हणाला, "पी रे. हांव कोणाक सांगचों ना." उत्तरार्धात त्यांना पेनल्टी मिळाली, मी ती अडवली, आणि त्या एका गोलवर कप आपला झाला. तुम्ही धावत मैदानात आलात, माझं धुळीनं भरलेलं डोकं छातीशी धरलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलात, "सुक्या घशानं अडवली माज्या पोरानं!"

तिथंच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली कप त्यांच्या मेसमध्ये नेऊन ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ईदनंतर त्या रोज्याच्या बदल्यात एक रोजा ठेवून मी कजा केली. जेवायला का आला नाहीस असं तुम्ही विचारलंत, तेव्हा पोट बिघडलंय म्हणालो. पुढच्या रजेत तुम्ही मला दापोलीकडच्या तुमच्या घरी नेलंत आणि बायकोला म्हणालात, "ह्यो तो, रोज्यात पेनल्टी अडवनारा." वर्षभरात तुम्ही तुमची मुलगी मला दिलीत. घर, नोकरी, खानदान, सगळं तुम्ही बघितलंच असेल. पण लोकांना सांगताना तुम्ही ती पेनल्टीच सांगायचात, आणि मी मान खाली घालून बसायचो. लोक म्हणायचे, केवढा विनयी जावई!

त्या गोलकीपरला त्याच्या लोकांनी त्या गोलवरून वर्षभर टोचून खाल्लं. एक वाक्य बोलला असता तर कप त्यांचा होता. का नाही बोललास, असं मी त्याला निवृत्तीच्या वेळी विचारलं. तो म्हणाला, "फुकटचो कप कोणाक जाय?" फुकटचा कप कुणाला हवा, हे तुम्हीही म्हणाला असतात, उस्ताद, फक्त जास्त आवाजात. तुम्हां दोघांची दोस्ती व्हायला हवी होती. तुमच्या मुलीला मी लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "बाबांना सांगू नका. ते कप पोचवून येतील नि मग माझी ट्रंक बांधायला बसतील." ती ट्रंक कधी बांधली गेली नाही. आमचं चांगलं झालं, उस्ताद. फार चांगलं झालं.

हे कागद तुमच्या कबरीजवळ बसून वाचावेत असं मनात होतं, पण तुमच्या दोन्ही बाजूंना आपल्याच टीमचे बॅक झोपलेत आणि दोघांचंही तोंड कधी बंद नसायचं. तेव्हा राहू दे. खोटं बोललो त्याची तोबा मी केव्हाच केली आहे. पाणी प्यायलो त्याचीही करावी म्हणून कितीदा हात वर केले, पण दर वेळी तुमची मुलगी आतून चहाला हाक मारते, आणि मी हात खाली घेतो.