माझ्या हाताखालच्या मॅडम

३ जानेवारी
प्रोजेक्ट हेड महिनाअखेरीस निवृत्त. खुर्ची माझीच, फक्त जाहीर व्हायची आहे. आज हेड ऑफिसने माझ्या हाताखाली एक इंजिनिअर बाई पाठवल्या. डायव्हर्सिटी म्हणे. पुलाच्या साइटवर स्वागताचं भाषण मीच ठोकलं. बायकांना माझा अजिबात विरोध नाही, माझी आईसुद्धा बाईच होती, असं म्हणालो. मजूर हसले. मॅडम हसल्या नाहीत. विनोदबुद्धी बेताची दिसते.
संकल्प: थोरल्या भावासारखं सांभाळून घ्यायचं.

८ जानेवारी
शटरिंगचा मुकादम मॅडमवर उखडला. त्याला सगळे हातोडा म्हणतात. मॅडमचं म्हणणं, स्लॅबखालचे टेकू कमी आहेत, वाढवा. बाईचा हुकूम ऐकायला आपण बांगड्या भरलेल्या नाहीत, असं म्हणून त्याने हातातला पाना भिरकावला. केबिनची काच फुटली, तुकडा मॅडमच्या गालात घुसला. मी ताबडतोब मध्ये पडलो. म्हणजे 'जरा सांभाळून' म्हणालो. मॅडमनी पाना उचलून त्याला परत दिला, म्हणाल्या, टेकू लावल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.
नंतर त्यांना समजावलं, गोडीगुलाबीने घ्यावं, माणसं दुखावतात. त्या रक्त पुसत होत्या. लक्ष दिलं की नाही, कळलं नाही.

११ जानेवारी
मॅडमची बाजू घेणाऱ्या मजुराला हातोडा मुकादमाने बुकलून काढलं. नाकाचं हाड मोडलं. मी दोघांचंही ऐकून घेतलं. नेता तटस्थ हवा.

१४ जानेवारी, सकाळी
टेकू अजून तेवढेच. मॅडमनी काम थांबवलंय. हेड ऑफिसचे साहेब उद्या येणार आणि स्लॅब उघडा दिसणार? मी सांगितलं, ओता. हातोड्याने मला सलाम ठोकला. मॅडमनी निदान खालची माणसं तरी बाहेर काढू द्या म्हटलं. घाबरट स्वभाव. काढू दिली.

संध्याकाळी
स्लॅब थोडा बसला. म्हणजे पूर्ण बसला. वरची चार माणसं काँक्रीटसकट खाली गेली. एकाच्या मांडीतून सळई आरपार. हातोड्याचा उजवा हात तुळईखाली चिरडला, तो गुरासारखा ओरडत होता. मॅडम जॅक घेऊन ढिगाऱ्यात शिरल्या. मी पाण्याच्या टँकरमागून एकूण परिस्थितीवर लक्ष ठेवलं. कोणीतरी ठेवायला हवंच.

१५ जानेवारी
मजुरांनी केबिनला वेढा घातला. पहिला ठोसा हातोड्याच्या बायकोने मारला. मुठीने, जबड्यावर. बायका मवाळ असतात, या मताचा फेरविचार करावा लागेल. मग लाथा. एक दात गेला. मॅडम आडव्या आल्या, एक दांडका त्यांच्या खांद्यावर बसला. तोवर मी टेबलाखाली सुरक्षित जागा मिळवली होती.
घरी आलो तर बायकोने आधी विचारलं, त्या मॅडमना फार लागलं नाही ना? तोंड सुजल्यामुळे उत्तर टाळता आलं.

१९ जानेवारी
हॉस्पिटलात हातोड्याला भेटलो. हात कोपरापासून कापलाय. चौकशीत निर्णय सगळ्यांचा होता असं सांग, म्हणून समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, मॅडम ओरडून सांगत होत्या. तुम्ही पाठीशी होतात म्हणून मी माजलो. मग उरलेल्या हाताने माझा गळा धरला. दोन नर्सनी सोडवला. औषधांचा परिणाम असावा.

२ फेब्रुवारी
प्रोजेक्ट हेड मॅडम झाल्या. मजुरांनीच मागणी केली म्हणे. चौकशी संपेपर्यंत मी निलंबित. तरी म्हटलं, अनुभवी माणसाने मार्गदर्शन करावं. साइटवर गेलो.
गेटवरच्या वॉचमनने विचारलं, कोणाला भेटायचंय? मी म्हटलं, मला ओळखत नाहीस? ओळखतो की, म्हणाला, म्हणूनच विचारतोय. मग मॅडमना फोन लावला. आत यायचं असेल तर या, कोणी मारणार नाही, पण हेल्मेट घालून या, असा निरोप आला.
पाहुण्यांसाठीचं हेल्मेट त्याने माझ्या हातात दिलं. आतून काँक्रीट ओतल्याचा आवाज येत होता.
हेल्मेट परत केलं आणि घरी आलो.